चष्मा घालवायचाय: लॅसिक, स्माईल, पीआरके की आयसीएल?

रानजाई

नमस्कार मंडळी. वय २७, पुण्यात नोकरी, दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर. नंबर उजवा -७.५, डावा -६.७५. दोन्हीकडे सिलेंडर, म्हणजे तिरकस नंबर, अनुक्रमे -१.५ आणि -१. गेली दोन वर्षं नंबर हललेला नाही. कॉलेजपासून कॉन्टॅक्ट लेन्स वापरतेय, पण हल्ली संध्याकाळ झाली की डोळे लाल होतात, खुपतात. चष्मा लावावा तर काचा जाड, आणि बाजूचं सगळं वाकडं दिसतं.

तीन ठिकाणी दाखवून झालं. पहिल्या ठिकाणी म्हणाले, "कॉन्टूरा करून टाका, शनिवारी ऑपरेशन, सोमवारी ऑफिस." दुसरीकडे काउन्सेलर बाईंनी स्माईल प्रोचं माहितीपत्रक हातात ठेवलं, वर "या महिन्यात सवलत आहे" हेही. तिसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, "कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) जरा पातळ आहे. मी आयसीएलकडे झुकेन. पण आधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवून या, स्कॅन परत करू." डोळे तेच आणि मतं तीन!

आई म्हणते लग्न ठरण्याआधी डोळ्यांना हात लावू नकोस. मावशी म्हणते लग्न ठरण्याआधीच उरकून घे. तो विषय आमच्या घरात चालू राहील, तुम्ही फक्त डोळ्यांचं सांगा. ज्यांनी केलंय त्यांनी कोणतं केलं, का केलं, आता त्रास काय होतो? आणि ज्यांनी ठरवून नाही केलं त्यांनीही लिहा.

बाकरवडी

आई आणि मावशीला एका खोलीत बसवून बाहेरून कडी लावा. निकाल लागेल तो मान्य करायचा. मी पॉपकॉर्न घेऊन आलोच.

खडूसकाका

चष्म्याने तुमचं काय घोडं मारलंय? मी चाळीस वर्षं वापरतोय. डोळा म्हणजे काय पंक्चरचं टायर आहे, की दिसला ठिगळवाला की घाल पॅच? ज्याने आजार बरा होत नाही, फक्त सोय होते, त्यासाठी निरोगी अवयवावर शस्त्रक्रिया करायची हे माझ्या पिढीला पटत नाही. हे वेगळे सांगणे न लगे.

रानजाई

काका, तुमचा नंबर किती?

खडूसकाका

-१.२५.

बाकरवडी

काका, सव्वा नंबरवाल्याने साडेसातवालीला सांगायचं म्हणजे अवघड आहे. हलके घ्या.

निशिगंध

मी २००८ साली लॅसिक केलं, तेव्हा नंबर साडेचार होता. त्या काळी आमच्याकडे फ्लॅप, म्हणजे कॉर्नियाचा उचलायचा पापुद्रा, ब्लेडने करायचे, आता बहुतेक ठिकाणी तोही लेसरने करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि समोरच्या बिल्डिंगवरच्या टाकीवरचं कंपनीचं नाव वाचलं, हे खरं आहे. पण जाहिरातीत न येणारे दोन मुद्दे सांगते.

पहिला म्हणजे कोरडेपणा. फ्लॅप कापताना कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात. त्या परत वाढतात, पण त्याला महिने लागतात, आणि तोवर डोळ्याला स्वतःच्या कोरडेपणाची जाणीव नीट होत नाही. मला वर्षभर दर दोन तासांनी थेंब घालावे लागले. एसीत बसले की आजही पर्समध्ये बाटली लागतेच.

दुसरा मुद्दा वयाचा. मी आता चाळिशीत आहे आणि जवळचा चष्मा लागलाय. लोकांना वाटतं लेसर केलं म्हणजे आयुष्यभर सुटका. चाळिशीनंतर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठर होतं, त्याचा कॉर्नियाशी संबंध नाही. उलट आमच्यासारख्या मायनसवाल्यांना चष्मा काढून पोथी वाचायची जी सोय असते, तीही लेसरने जाते. माझी मोठी बहीण, नंबर -३, ती चष्मा कपाळावर ढकलून सुईत दोरा ओवते. मी शोधत बसते.

तरीही मला पश्चात्ताप नाही. पण एसीत दिवस काढणारीने आधी ड्राय आयची तपासणी करून घ्यावी.

बुबुळवाला

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. ऑपरेशन करत नाही, त्याआधीच्या तपासण्या करतो, त्यामुळे सर्जनची बाजू घ्यायचं कारण नाही.

रानजाई, आधी नावं बाजूला ठेवू. कॉन्टूरा, स्माईल प्रो, सिल्क ही कंपन्यांनी दिलेली नावं आहेत. खाली तंत्रं मोजकीच.

लॅसिकमध्ये कॉर्नियाचा पातळ पापुद्रा उचलायचा, खाली एक्सायमर लेसरने आकार द्यायचा, पापुद्रा परत बसवायचा. कॉन्टूरा हाही लॅसिकच, फक्त तुमच्या कॉर्नियाच्या नकाशावरून आखलेला. पीआरकेमध्ये पापुद्रा नाहीच, वरची त्वचा खरवडून थेट लेसर. स्माईलमध्ये फेमटोसेकंद लेसरने कॉर्नियाच्या आत भिंगाच्या आकाराची चकती कापायची आणि दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ओढून बाहेर काढायची. या तिन्हींत कॉर्नियाचं मटेरियल कमी होतं. आयसीएलमध्ये कॉर्नियाला हात लागत नाही, बुबुळाच्या मागे आणि नैसर्गिक भिंगाच्या पुढे एक मऊ लेन्स सरकवतात.

म्हणजे पहिला प्रश्न 'कुठलं चांगलं' हा नाही. तुमच्या कॉर्नियात किती माल आहे आणि त्याचा आकार कसा आहे, हा आहे. पॅकीमेट्रीचे, म्हणजे कॉर्नियाच्या जाडीचे, आकडे आहेत का?

रानजाई

हो, फाईलमध्ये आहेत. उजवा ४९८, डावा ५०३ मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास.

बुबुळवाला

सरासरी ५४०च्या आसपास असते, म्हणजे तुमचा पातळ बाजूला आहे, पण चिंता करावी असा नाही. आता ढोबळ हिशेब करू. पक्का हिशेब मशीन करतं, त्यामुळे हा प्रिस्क्रिप्शन म्हणून घेऊ नका.

साडेसहा मिलिमीटरच्या झोनला (लेसर ज्या गोल भागावर फिरतो तो) एका नंबरमागे साधारण १४ मायक्रॉन जातात. सिलेंडर धरून तुमच्या उजव्या डोळ्याचे १२० ते १२५. लॅसिकचा फ्लॅप ११०. म्हणजे ४९८ मधून साधारण २३० वजा, खाली उरले २६५-२७०. किमान २५० उरावेत असा जुना नियम आहे, त्यात तुम्ही बसता. म्हणून पहिल्या दवाखान्याने होकार दिला, ते खोटं बोलले नाहीत. पण एकूण जाडीच्या किती टक्के भाग हलवला हेही हल्ली बघतात. ४०च्या वर गेलं की सावध सर्जन कचरतो. तुमचं ४६ येतं.

पीआरकेत फ्लॅप नाही. वरची त्वचा ५० मायक्रॉनची, ती परत उगवते. म्हणजे खाली सव्वातीनशेच्या आसपास उरतात. पण एवढ्या नंबरला पीआरके केलं की कॉर्नियावर धूसरपणा येण्याची भीती जास्त, म्हणून तो टाळायला मायटोमायसिन नावाचं औषध लावतात.

झोन कमी करून मायक्रॉन वाचवता येतात. कोणी तसं सुचवलं तर विचारा, अंधारात माझी बाहुली किती मोठी होते? बाहुली झोनच्या बाहेर गेली की रात्री दिव्यांभोवती वलयं.

वडापाव_विथ_चटणी

बुबुळवाला, एवढं समजावून मला एकाही दवाखान्यात सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

पुळ्याची_पोर

माझं स्माईल झालंय, मागच्या दिवाळीनंतर. नंबर -५, सिलेंडर अर्धा, कॉर्निया ५५० च्या वर. म्हणजे मला काहीही चाललं असतं. स्माईल घेतलं कारण मी पोहते आणि फ्लॅपची धास्ती नको होती.

ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी नेमकं काय होतं ते लिहिते. आधी थेंब घालून डोळा बधिर करतात, इंजेक्शन नाही. पापण्या मिटू नयेत म्हणून तारेची क्लिप लावतात, खरा त्रास तिचाच. मग एक काचेचा कोन डोळ्यावर टेकतो. हिरवा दिवा दिसतो, "त्याच्याकडेच बघा" म्हणतात. सक्शन लागलं की डोळ्यावर अंगठा दाबल्यासारखं होतं आणि तो हिरवा दिवा हळूहळू धुक्यात विरतो. अर्ध्या मिनिटाच्या आत लेसर संपला. त्यानंतर डॉक्टर बारीक हत्याराने चकती सोडवून बाहेर काढतात, त्याला लेसरपेक्षा जास्त वेळ लागतो. दुखत नाही, पण डोळ्यात कोणीतरी चिमटा घेऊन हिंडतंय हे कळत असतं. मी नर्सताईंचा हात इतका घट्ट धरला होता की शेवटी त्याच म्हणाल्या, "ताई, मला अजून तीन पेशंट आहेत."

पहिले दोन दिवस सगळं वाफ धरलेल्या आरशातून बघितल्यासारखं. हे कुणी सांगितलं नव्हतं, मी रडले. नंतर दृष्टी उघडत गेली.

स्पष्टवक्ती

"फ्लॅपची धास्ती नको होती"

असहमत. माझा नवरा नेत्रतज्ज्ञ आहे, त्यामुळे घरात हीच चर्चा चालते. फ्लॅपच्या भीतीवर स्माईलचं अर्धं मार्केटिंग उभं आहे. फ्लॅप पुरता भरून येत नाही आणि जोराचा मार लागला तर वर्षांनंतरही सरकू शकतो, हे खरं. पण असं होणं विरळा. उलट लॅसिकची दृष्टी दुसऱ्या दिवशी स्वच्छ. थोडा नंबर उरला तर तोच फ्लॅप उचलून परत करता येतं. स्माईलनंतर उरला तर बहुतेकदा वरून पीआरकेच करावं लागतं, म्हणजे टाळलेलं दुखणं शेवटी आलंच. आणि प्लस नंबरवाल्याला बहुतेक सर्जन अजून लॅसिकच सुचवतात.

सुरुवातीचा कोरडेपणा स्माईलमध्ये कमी, एवढं मान्य. वर्षभराने दोघांच्या दृष्टीत फार डावं-उजवं राहत नाही. मग दुप्पट-तिप्पट पैसे कशासाठी?

पुळ्याची_पोर

ताई, पैसे माझे होते :-)

आडवाटेचा_प्रवासी

पीआरकेवाला हजर आहे. मी कुस्ती खेळायचो, आता मुलांना शिकवतो. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, तुमच्या डोळ्यावर कोपर, गुडघा काहीही बसणार, फ्लॅप नको. नंबर -३ होता.

ऑपरेशन किरकोळ. खरी परीक्षा नंतर. वरची त्वचा खरवडलेली असते, तिच्यावर पट्टी म्हणून एक कॉन्टॅक्ट लेन्स ठेवतात, चार-पाच दिवसांनी काढतात. पहिले तीन दिवस डोळ्यात तिखट गेल्यासारखी आग. पडदे ओढून, गॉगल लावून अंधारात पडून होतो. बायको वरणभात कालवून ताट हातात द्यायची. मोबाईल बघता येत नाही, टीव्ही नाही, आकाशवाणी ऐकली. नंतरही दृष्टी आठवड्या-आठवड्याने सुधारते, दुसऱ्या दिवशी जादू वगैरे नाही. स्टिरॉइडचे थेंब काही महिने चालतात आणि त्यासाठी डोळ्याचं प्रेशर तपासायला जावंच लागतं. ते चुकवू नका.

आखाड्यात परत उतरलो तेव्हा डोळ्याची काळजी नव्हती. माझ्यापुरतं पीआरके बरोबर. आयटीवाल्यांना एवढी सुट्टी मिळेल का, तुम्हीच बघा.

पुस्तकी_किडा

अवांतराबद्दल आधीच क्षमस्व, पण या लेसरची जन्मकथा इथे यायलाच हवी.

१९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या संशोधन केंद्रात तीन जण एक्सायमर लेसरवर काम करत होते. त्यातले एक रंगास्वामी श्रीनिवासन, मूळचे मद्रासचे. थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीत उरलेली टर्की त्यांनी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आणली आणि तिच्यावर १९३ नॅनोमीटरचा लेसर मारला. काप एकदम स्वच्छ, आजूबाजूला जळल्याची खूण नाही. पुढे स्टीव्हन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाबरोबर काम होऊन तो लेसर कॉर्नियापर्यंत पोचला. आयबीएमच्या त्या तिघांना २०१३ साली ओबामांच्या हस्ते राष्ट्रीय पदक मिळालं.

त्याआधी मॉस्कोत फ्योदोरोव्ह हिऱ्याच्या सुरीने कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारखे छेद घ्यायचे, रेडियल केराटॉटॉमी. पेशंट फिरत्या पट्ट्यावर एका सर्जनकडून दुसऱ्याकडे जायचे, प्रत्येक जण एकच टप्पा करायचा. त्या छेदांनी कॉर्निया असा काही कमकुवत व्हायचा की उंचावर गेलं की नंबर बदलायचा. १९९६च्या एव्हरेस्ट दुर्घटनेत बेक वेदर्सला वर चढताना दिसेनासं झालं ते त्यामुळेच.

बाकरवडी

म्हणजे आमच्या आजीने नैवेद्याच्या उरलेल्या पुरणपोळीवर लेसर मारू दिला असता तर शोध सदाशिव पेठेत लागला असता.

खडूसकाका

सदाशिव पेठेत पुरणपोळी उरत नाही. मुद्दा बाद.

दूरदेशी

दोह्याहून लिहितोय. मी -१३ चा. लहानपणापासून 'बाटली' हेच नाव. लेसरला तीन ठिकाणी नकार मिळाला आणि त्या तिन्ही डॉक्टरांचे आज आभार मानतो. आयसीएल केलं, सुट्टीत मुंबईला येऊन.

लेन्स कोलॅमर नावाच्या मऊ पदार्थाची असते, घडी घालून तीन मिलिमीटरच्या छेदातून आत सोडतात, आत गेल्यावर उलगडते. हल्लीच्या लेन्सला मधोमध बारीक भोक असतं, ०.३६ मिलिमीटरचं, डोळ्यातलं पाणी खेळतं राहावं म्हणून. आधीच्या लेन्सना ते नव्हतं, तेव्हा बुबुळाला लेसरने वेगळं छिद्र पाडावं लागायचं. वडोदऱ्याची एक कंपनी आयपीसीएल नावाने भारतीय लेन्सही करते, ती स्वस्त पडते. मी आयात केलेलीच घेतली.

फायदे: कॉर्निया शाबूत, कोरडेपणा जवळजवळ नाही, रंग झकास, नको झाली तर काढता येते.

आता दुसरी बाजू. हे डोळ्याच्या आतलं ऑपरेशन आहे. संसर्गाची शक्यता कमी, पण झाला तर प्रकरण गंभीर, म्हणून माझे दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिवशी केले. रात्री दिव्याभोवती एक बारीक कडं दिसायचं, पहिले काही महिने. आता मुद्दाम शोधलं तर दिसतं. लेन्स आणि नैसर्गिक भिंग यांच्यात जी फट राहते तिला व्हॉल्ट म्हणतात. ती फार कमी असली तर मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, फार जास्त असली तर प्रेशर वाढू शकतं. शिवाय कॉर्नियाच्या आतल्या थराच्या पेशी मोजाव्या लागतात, त्या कमी झाल्या तर परत येत नाहीत. म्हणून दरवर्षी तपासणी, आयुष्यभर. 'करून मोकळे झालो' असं आयसीएलवाल्याला म्हणता येत नाही.

आणि सगळ्या मोठ्या मायनसवाल्यांना एक विनंती. नंबर गेला तरी डोळ्याचा गोळा लांबच राहतो. रेटिना (डोळ्याचा आतला मागचा पडदा) ताणलेला असतो. ऑपरेशनआधी बाहुली मोठी करून रेटिना तपासून घ्या. माझ्या डाव्या डोळ्यात एक छिद्र सापडलं, त्याच्याभोवती लेसर मारून महिनाभर थांबलो, मग आयसीएल. काळे ठिपके अचानक वाढले, वीज चमकल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. चष्मा गेला म्हणून हा धोका जात नाही.

वडापाव_विथ_चटणी

इन्शुरन्समध्ये बसतं का हे कुणाला माहीत आहे?

हिशेबनीस

आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत वाक्य आहे: ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च मिळणार नाही. म्हणजे वडापाव, तुमचं माहीत नाही, पण रानजाईंचा उजवा डोळा नेमका उंबरठ्यावर आणि डावा दाराबाहेर. साडेसात किंवा वर असलं म्हणजे मिळतंच असंही नाही, प्रत्येक पॉलिसीचा मजकूर वेगळा. टीपीएकडून (विम्याचे दावे बघणारी संस्था) आधी लेखी मंजुरी घ्या. काउन्सेलरच्या तोंडी 'होऊन जाईल'वर विसंबू नका.

बाकरवडी

एका डोळ्याला विमा आणि दुसऱ्याला ठेंगा. याला म्हणतात दुजाभाव.

मातीचा_गंध

मी 'नाही' मिळालेला माणूस. लिहू की नको असं चाललं होतं, पण इथे लहान भावंडंही वाचतात.

तेविसाव्या वर्षी लेसर करायला गेलो. सिलेंडर दर सहा महिन्यांनी वाढायचा, मला वाटायचं कॉम्प्युटरमुळे. पेंटाकॅम, म्हणजे कॉर्नियाचा नकाशा काढणारा स्कॅन, केल्यावर डॉक्टरांनी रंगीत नकाशा माझ्याकडे वळवला. खालच्या बाजूला लाल डाग. केरॅटोकोनस, म्हणजे कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतोय. लेसर केलं असतं तर आणखी झपाट्याने बिघडला असता. त्याऐवजी सी३आर केलं. राइबोफ्लेविनचे थेंब घालून अल्ट्राव्हायोलेट प्रकाश देतात, कॉर्निया टणक होतो, आजार आहे तिथे थांबतो. नंबर जात नाही. मी आज स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी कडक कॉन्टॅक्ट लेन्स) वापरतो आणि व्यवस्थित गाडी चालवतो.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, "डोळे चोळता का?" लहानपणापासून ॲलर्जी, मुठीने चोळायचो. घरात कुणी पोरगं सतत डोळे चोळत असेल आणि सिलेंडर वाढत असेल तर एकदा टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराची तपासणी, करून घ्या.

बुबुळवाला

वरच्या प्रतिसादाला शंभर वेळा अनुमोदन. आणि याच कारणासाठी स्कॅनआधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवाव्या लागतात. मऊ असतील तर एक-दोन आठवडे, कडक असतील तर त्याहून जास्त. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. त्याने नसलेला दोष दिसू शकतो आणि असलेला लपूही शकतो. रानजाई, पहिल्या दोन ठिकाणी तुम्ही लेन्स काढून किती दिवसांनी गेला होता?

रानजाई

दवाखान्याच्या बाथरूममध्ये काढून. त्यांनीच डबी दिली.

बुबुळवाला

मग ते दोन्ही नकाशे बाजूला ठेवा. तिसऱ्या डॉक्टरांचं ऐका.

इंजिन_ड्रायव्हरचा_मुलगा

सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्यांनी लेसर करण्याआधी जाहिरात वाचावी. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटला ए-१ वैद्यकीय दर्जा लागतो आणि लॅसिक किंवा नंबर घालवण्याची इतर शस्त्रक्रिया झालेला उमेदवार तिथे बाद. माझ्या मित्राने मेडिकल पास व्हायचं म्हणून कर्ज काढून लेसर केलं आणि त्याच कारणाने बाहेर पडला. सैन्यदलांचे नियम पुन्हा वेगळे, वयाची, कॉर्नियाच्या जाडीची अट असते, आणि ते भरतीच्या प्रकारानुसार बदलतात. कोचिंग क्लासवाल्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

निशिगंध

थोडं अवांतर. आईचा मोतीबिंदू पिकलाय. तिथेही लेन्स कुठली हेच, मोनोफोकल (एकाच अंतराची), मल्टिफोकल (दूर-जवळ दोन्हीची), टोरिक (सिलेंडरही घालवणारी). मल्टिफोकल घ्या, चष्माच नको, म्हणतात. आई ७१, दुपारभर वाचन, रात्री गाडी वगैरे नाही.

स्पष्टवक्ती

मल्टिफोकलमध्ये येणारा प्रकाश दूर आणि जवळ असा वाटला जातो, त्यामुळे मंद उजेडात अक्षरं फिकी दिसतात आणि दिव्यांना वलयं येतात. रेटिना किंवा काचबिंदूचा काही त्रास असेल तर नकोच. आई जन्मभर मायनसवाल्या आहेत का?

निशिगंध

हो, -३. चष्मा काढून वाचते.

स्पष्टवक्ती

मग डॉक्टरांना विचारा की साध्या मोनोफोकलमध्येच थोडा मायनस ठेवता येईल का. म्हणजे वाचायला चष्मा नको, बाहेर जाताना लावायचा. आमच्या सासूबाईंना एका ठिकाणी न विचारता लांबचं शून्य करून दिलं. सगळे म्हणाले, वा, चष्मा गेला! त्या मात्र हिरमुसल्या, कारण रात्री उशीला टेकून वाचायची सवय गेली, आता चष्मा शोधावा लागतो.

पुस्तकी_किडा

डोळ्यात लेन्स बसवायची कल्पनाही भारी आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्स या प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसायचे. हॅरॉल्ड रिडली या इंग्लिश डॉक्टरांच्या लक्षात आलं की डोळा त्याला फारसा विरोध करत नाही. १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांनी त्याच पदार्थाची पहिली लेन्स बसवली. बरोबरीचे डॉक्टर कित्येक वर्षं विरोधात होते.

बुबुळवाला

मोतीबिंदूवरून आठवलं, लेसरवाल्या सगळ्यांसाठी. लेसर झालेल्या डोळ्यात पुढे मोतीबिंदूच्या लेन्सचा नंबर काढणं अवघड जातं, नेहमीची सूत्रं चुकतात. ऑपरेशनआधीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता आणि जाडी असलेले कागद जपून ठेवा, फोटो काढून मेलवर टाका. डोळ्याचं प्रेशरही मशीनवर असतं त्यापेक्षा कमी दिसतं, कारण कॉर्निया पातळ झालेला असतो. नवीन डॉक्टरला 'माझं लेसर झालंय' हे सांगायचंच. पेशंट सांगत नाहीत, त्यांना वाटतं डोळा आता नॉर्मल आहे.

निशिगंध

माझी फाईल दोन घरं बदलताना गेली. त्या दवाखान्याला उद्याच फोन करते.

रानजाई

धागा वर काढतेय. लेन्स बंद ठेवून तिसऱ्या डॉक्टरांकडे परत जाऊन आले. मधल्या काळात जाड चष्म्याने ऑफिस केलं, लिफ्टमध्ये दोघांनी ओळखलं नाही.

नकाशा स्वच्छ आहे, केरॅटोकोनसची शंका नाही. जाडी जवळपास तीच. डोळे मात्र बऱ्यापैकी कोरडे निघाले. पट्टी लावून बघतात ती तपासणी केली, कागद नीट भिजलाच नाही. रेटिना ठीक. कॉर्निया आणि नैसर्गिक भिंग यांच्यातली जागा ३.१ मिलिमीटर आहे, आयसीएलला तीन तरी लागते म्हणाल्या. कॉर्नियाच्या आतल्या थराच्या पेशी भरपूर.

मी बुबुळवाला यांचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवला. हसल्या, म्हणाल्या "हे कुणी शिकवलं?" आणि मग लॅसिकबद्दल स्वतःच म्हणाल्या, "होऊ शकतं. माझ्या मुलीचं मी केलं नसतं." पीआरके आणि आयसीएल दोन्ही समोर ठेवलं. एवढा कोरडेपणा आणि एवढा नंबर बघता मी टोरिक आयसीएल ठरवलंय. विम्याने उजव्या डोळ्याला मंजुरी दिलीय, डाव्याला नाही. हिशेबनीस, तुमचं खरं ठरलं.

आता एकच अडचण. मी ढोलपथकात आहे. सराव सुरू झालाय. दूरदेशी, बुबुळवाला, गणपतीच्या आधी करू की नंतर?

दूरदेशी

नंतर. टोरिक लेन्स ठरावीक कोनात बसवलेली असते, फिरली तर सिलेंडर परत दिसायला लागतो आणि ती जागेवर आणायला पुन्हा आत जावं लागतं. सुरुवातीचे दिवस कमरेला ढोल बांधून उड्या मारण्याचे नाहीत.

बुबुळवाला

नंतरच. धूळ, घाम, गुलाल, त्यात पुसायला तोच घामट रुमाल. विसर्जन उरकू द्या. आणि मिरवणुकीतही कॉन्टॅक्ट लेन्स नको, चष्माच लावा, मागून दोरी बांधून.

खडूसकाका

दोरी कुठे मिळते ते मी सांगतो. चष्म्याच्या दुकानात नको, महाग देतात. रविवार पेठेत जा.